एका घरातला अबोला



एका घरात तीन संगणक. एकावर विंडोज, दुसरा मॅक, तिसऱ्यावर लिनक्स. तिघांच्या तारा एकाच पेटीत गेलेल्या, तरी एकाच्या फायली दुसऱ्याला दिसत नाहीत. पुष्कळांना हा तारेचा दोष वाटतो. वस्तुतः तार निर्दोष असते. तिच्यावरून काय विचारावयाचे आणि उत्तर कसे द्यावयाचे, हा संकेतच दोघांचा एक नसतो.

असा एक संकेत आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी रचला. त्याचे नाव एसएमबी. मायक्रोसॉफ्टने तो उचलला, वाढविला आणि विंडोजच्या पोटात घातला. ज्याच्याजवळ विंडोज नाही, तो दाराबाहेर.

डिसेंबर १९९१मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याला आपला पीसी युनिक्स यंत्राशी जोडावयाचा होता. संकेताचे कागद त्याच्यापाशी नव्हते. मग त्याने तारेलाच कान लावला! पीसी काय विचारतो, पलीकडून काय उत्तर येते, हे टिपून घेतले आणि तशीच उत्तरे देणारा प्रोग्रॅम लिहून जानेवारी १९९२मध्ये तो सर्वांना फुकट दिला. गंमत अशी की, आपण ऐकले ते एसएमबी होते, हे त्याला तेव्हा ठाऊकच नव्हते. सुमारे दोन वर्षांनी पत्नीचा पीसी घरच्या लिनक्सला जोडताना त्याने तोच जुना प्रोग्रॅम लावून पाहिला, आणि तो चालला. पुढे आधीच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला. तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द त्याने संगणकातल्या शब्दसूचीत शोधला. मिळाला ‘सांबा’.

परंतु ऐकून शिकणाऱ्याला नेहमी एक पाऊल मागे राहावे लागते. समोरच्याने बोली बदलली की पुन्हा कान लावा. नियमपुस्तक मालकाच्या कपाटात आणि नियमभंगाचा दंड कामगाराला, हा प्रकार आम्ही चळवळीतली माणसे चांगला ओळखतो. २००४मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला (आरोप इतरही होते) आणि सर्व्हरच्या संकेतांची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा हुकूम दिला. सप्टेंबर २००७मध्ये न्यायालयाने हा हुकूम मुख्यतः कायम केला, आणि त्याच डिसेंबरात ते कागद १० हजार युरोंत सांबाकारांच्या हाती आले. सोळा वर्षे लागली. माझ्या मते यातील खरा विजय दंडाचा नाही, कपाट उघडल्याचा आहे.

अबोला मात्र अजून अधूनमधून होतो. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा उपद्रवी प्रोग्रॅम एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतील भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षी विंडोज १०च्या नव्या प्रतींत ती आवृत्ती मूळचीच बंद ठेवण्यात आली. ते योग्यच झाले. पण शेजारची यंत्रे शोधून यादी लावण्याची जुनी रीत तिच्यावरच उभी होती, म्हणून कित्येक घरांतली यंत्रे यादीतून नाहीशी झाली. जुनी आवृत्ती पुन्हा चालू करण्याच्या फंदात पडू नये. दोन्हीकडे दुसरी किंवा तिसरी आवृत्ती आहे ना, हे पाहावे, आणि यादीची वाट न पाहता त्या यंत्राचा पत्ता स्वतः लिहून हाक मारावी. पुष्कळदा ओ येते.