पात्रांची यादी आणि मुलाचा दिवस

लहान मुलांना घेऊन क्रूझवर जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो असा: कुठल्या बोटीवर कोण आहे? डिस्नेच्या बोटींवर मिकी, एल्सा आणि मार्व्हलचे वीर. कार्निव्हलच्या बोटींवर डॉ. स्यूसच्या पुस्तकांतलं उंच टोपीचं मांजर. कोस्टाने पेपा पिगला बोलावलं, एमएससीने लेगोशी हात मिळवला. मग या नावांची यादी होते, मुलाचं लाडकं पात्र कुठे आहे ते पाहिलं जातं आणि त्या कंपनीचं बुकिंग होतं. प्रवास कंपन्या असंच सांगतात, जाऊन आलेले नातेवाईकही असंच सांगतात. तुलनेची ही रीत मुळातच चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. क्रूझचा खर्च मध्यमवर्गीय घराला सहज पेलणारा नसतो आणि चुकीच्या बोटीवर गेलेलं लहान मूल चार दिवस समुद्रात अडकून पडतं. म्हणून हे नीट तपासायला हवं.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पुऱ्या बळानिशी. मूल जग ओळखतं ते गोष्टींतून. बोट किती टनांची, किती मजल्यांची, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. अनोळखी, गजबजलेल्या, हलत्या जागी एखादा ओळखीचा चेहरा दिसला की त्याला धीर येतो. क्रूझ हा तर मूळचा मोठ्यांचा करमणुकीचा प्रकार: बार, कॅसिनो, रात्रीचे कार्यक्रम. अशा जागी मिकी उभा असणं म्हणजे ‘तुलाही इथे बोलावलंय’ असं मुलाला सांगणं. शिवाय त्या भेटीत मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो त्यासाठी आईबाप वर्षभर पैसे साठवतात. त्या आनंदाला खोटं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही आणि मीही तो मागत नाही. माझा आक्षेप आहे तो त्या आनंदावरून बोट निवडण्याला.

पहिली गोष्ट इतिहासाची. मुलांसाठी पात्रं घेऊन निघालेल्या क्रूझची सुरुवात डिस्नेच्या स्वतःच्या बोटींनी झाली नाही. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलहून निघणाऱ्या प्रीमियर क्रूझ लाइनने १९८५ मध्ये डिस्नेशी करार केला. लाल रंगाच्या तिच्या बोटी ‘बिग रेड बोट’ म्हणून प्रसिद्ध होत्या. काही दिवस समुद्रात, काही दिवस ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये, अशी तिची सहल असे. १९९३ मध्ये करार संपला, मिकी उतरला आणि त्याच्या जागी बग्ज बनी आणि त्याची लूनी ट्यून्स मंडळी चढली. बोटी त्याच होत्या. त्यांतली मुख्य ‘ओशनिक’ १९६५ सालची, पोहण्याच्या तलावावर सरकतं छत असलेली. पात्रं बदलली म्हणून तिच्या केबिन मोठ्या झाल्या नाहीत की जिने लहान मुलाच्या पायाला सोपे झाले नाहीत. २००० मध्ये कंपनीच बुडाली.

नंतरही हेच घडत गेलं. नॉर्वेजियन कंपनीने २०१० मध्ये ‘एपिक’ बोटीवर निकलोडियनची पात्रं आणली. पाच-सहा वर्षांत तो करार संपला. रॉयल कॅरिबियनच्या ‘ओएसिस’ आणि ‘अल्यूर’वर २०१० च्या सुमारास श्रेक आणि कुंग फू पांडा आले, दशक संपता संपता गेले. तरीही मुलं घेऊन येणारी कुटुंबं या दोन्ही कंपन्यांकडे येतच राहिली. पात्रांनीच कुटुंबं येत असती तर ती पात्रांबरोबर निघून गेली असती. पात्र हा परवान्याचा मामला आहे. तो कागदावर सुरू होतो आणि कागदावर संपतो. बोटीचा सांगाडा मात्र तीस-चाळीस वर्षं तोच राहतो. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’वर आपल्यापैकी अनेकांची पहिली क्रूझ झाली. ती १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने उतरली होती. मालक बदलले, नावं बदलली. डेक आणि केबिनची मांडणी मूळचीच.

दुसरी गोष्ट वयाची आणि इथे रूढ मत सर्वांत जास्त लंगडं पडतं. पात्रांचं आकर्षण सगळ्या मुलांना सारखंच असतं असं ते गृहीत धरतं. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला मिकी म्हणजे न हलणाऱ्या चेहऱ्याचा, अवाढव्य, अनोळखी माणूस. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी साधारण वर्षाच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई जवळ असली की मूल नव्या खोलीतल्या खेळण्यांकडे निर्धास्त जातं. आई बाहेर गेली आणि परकं माणूस उरलं की बहुतेक मुलांचा खेळ मंदावतो किंवा थांबतो. आईचं जवळ असणं हाच त्या खेळाचा पाया. हे मनात ठेवून पात्रभेटीची रांग पाहा: कॅमेरा रोखलेला, मागे लोक खोळंबलेले, आणि मुलाला आईच्या कडेवरून उतरवून त्या अवाढव्य आकाराशेजारी उभं केलेलं. त्यातली कितीतरी मुलं का रडतात, हे कोडं उरत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पोशाखातली पात्रं बहुधा आवडेनाशी झालेली असतात, त्याला चढायची भिंत हवी असते. राहिलं साधारण तीन ते सातचं वय. त्या वयाला पात्रभेट खरोखर मोलाची आहे. पण तीन आणि नऊ वर्षांची दोन भावंडं एकाच केबिनमध्ये असतील तर पात्रांची यादी निम्म्याच घराला उपयोगाची.

तिसरी गोष्ट वेळेची. चार रात्रींच्या प्रवासात पात्रांबरोबर घालवलेला वेळ, रांगा वगळल्या तर, मिनिटांत मोजावा इतकाच. बाकीचे सगळे तास झोप, जेवण, पाणी, खेळ, शी-शू आणि कंटाळा यांचे. मूल बोटीवर सुखी आहे की नाही, हे त्या तासांत ठरतं. मुलाच्या जागेचं माप मुलावरून घ्यायचं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडलं तेव्हा टेबलं-खुर्च्या मुलाच्या उंचीच्या करून घेतल्या. ताराबाई मोडकांनी ती दृष्टी १९४५ मध्ये बोर्डीला आणली, अनुताई वाघांबरोबर पुढे कोसबाडला नेली, आणि बालवाडी थेट आदिवासी मुलांच्या अंगणात नेऊन भरवली. मूल रमत नसेल तर दोष मांडणीत शोधायचा, ही त्यांची शिस्त क्रूझच्या तुलनेलाही लावता येते, आणि लावली पाहिजे.

लावून पाहू. दोन वर्षांचं मूल घ्या, अजून डायपरमधलं. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या बोटींना तिथल्या आरोग्य खात्याचे स्वच्छतेचे नियम पाळावे लागतात, आणि त्या नियमांनुसार डायपरमधलं मूल, पोहण्याचा डायपर घातलेला असला तरी, नेहमीच्या तलावात उतरू शकत नाही. त्याच्यासाठी पाणी शुद्ध करण्याची खास सोय असलेली वेगळी जागा लागते. डिस्नेच्या बोटींवर ती आहे, रॉयल कॅरिबियनच्या काही बोटींवर आहे, कित्येक बोटींवर नाहीच. भर उन्हात समोर निळं पाणी, ताई-दादा त्यात उड्या मारताहेत आणि आपण काठावर: दोन वर्षांच्या जिवाला हे कसं समजावणार? कुठलंही पात्र इथे कामाला येत नाही. तरीही ही बाब पात्रांच्या तुलनेत कुठेच नसते.

पाळणाघराचंही तसंच. डिस्नेकडे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं तासाच्या दराने ठेवून घेतात. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच बोटींवर तशीच सोय आहे. कार्निव्हलचा मुलांचा क्लब दोन वर्षांपासूनच्या मुलांना घेतो, तेही डायपरसकट; लहान मुलांच्या कुटुंबाला हा फार मोठा आधार आहे, आणि कार्निव्हलचं नाव निघालं की लोक मात्र डॉ. स्यूसच्या न्याहारीबद्दल बोलतात, जिचे पैसे वेगळे पडतात. नॉर्वेजियनच्या बहुतेक बोटींवर तीन वर्षांखालच्या मुलापाशी आई किंवा बाबाने स्वतः थांबायचं. डिस्ने आणि रॉयलचे मोफत क्लब तीन वर्षांपासून, पण मूल शी-शू सांगणारं हवं. साडेतीन वर्षांचं, अजून न सांगणारं मूल यातल्या कुठल्या दारातून आत जाणार, हे बुकिंगच्या आधी विचारायचं. रात्रीचंही विचारायचं: डिस्नेचा क्लब मध्यरात्रीपर्यंत चालतो, इतर कंपन्यांकडे साधारण दहानंतर तासाचे पैसे लागतात.

यावर पूर्वपक्षाचा सर्वांत जोरकस प्रश्न येतो: मग डिस्नेच सर्वांना का हवीशी वाटते? ती तर पात्रांचीच कंपनी. याचं उत्तर १९९८ च्या ‘डिस्ने मॅजिक’मध्ये आहे. ती बांधताना बहुतेक केबिनमध्ये न्हाणीघर आणि संडास वेगळे केले, म्हणजे एकाची आंघोळ चालू असताना दुसऱ्या मुलाची घाई निभते. कॅसिनो ठेवलाच नाही. एरवी तो ऐन वर्दळीच्या डेकवर असतो आणि मुलांना घेऊन त्याच्या कडेने ये-जा करावी लागते. त्या उत्पन्नावर पाणी सोडणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि डिस्नेची तिकिटं महाग असण्यामागे हेही एक कारण असावं असा माझा तर्क आहे. जेवणाची व्यवस्था तर फारच विचारपूर्वक आहे. कुटुंब दर रात्री वेगळ्या उपाहारगृहात जातं, पण वाढणारी माणसं तीच, त्यांच्याबरोबर फिरणारी. दुसऱ्या दिवशी त्यांना मुलाचं नाव, त्याला काय तिखट लागतं, काय नको, हे ठाऊक असतं. उशिराच्या पंगतीत मुलाला आधी वाढून क्लबची ताई त्याला टेबलावरून घेऊन जाते. आईबाबा निवांत जेवतात. परक्या जागी लहान मुलाला धीर येतो तो अशा रोजच्या, ओळखीच्या माणसांमुळे, आणि ती माणसं पात्रांच्या यादीत कुठेच नसतात.

शिवाय डिस्नेने पात्रं वापरली तीही मांडणीत मुरवून. ‘ॲनिमेटर्स पॅलेट’ या उपाहारगृहात भिंतींवरची चित्रं सुरुवातीला काळी-पांढरी असतात आणि जेवण पुढे सरकतं तसे त्यांत रंग भरत जातात. मूल तासभर खुर्चीत टिकतं. २०११ च्या ‘ड्रीम’वर खिडकी नसलेल्या, म्हणजे स्वस्तातल्या, केबिनमध्ये गोल पडद्यावर बाहेरचा समुद्र त्या क्षणी असेल तसा दिसतो आणि मधूनच त्यातून ‘फाइंडिंग नीमो’मधली तारामासळी डोकावते. कमी पैसे भरलेल्या घरातल्या मुलालाही समुद्र मिळतो, आणि पात्र त्याला समुद्राकडे पाहायला लावतं. लाइफबोटी ठरलेल्या नारिंगी रंगाऐवजी मिकीच्या बुटांच्या पिवळ्या रंगात रंगवायची परवानगीसुद्धा या कंपनीने मिळवली. अशी मुरलेली पात्रं मला मनापासून आवडतात. इतरांनी भाड्याने आणलेल्या पोशाखांशी त्यांची एकाच रकान्यात तुलना करणं हा डिस्नेवरही अन्याय आहे.

आणि मोठ्या मुलांचं उत्तर दुसऱ्याच कंपनीने दिलं. ‘मॅजिक’नंतर वर्षभराने, १९९९ मध्ये, रॉयल कॅरिबियनने ‘व्हॉयेजर’ उतरवली: बोटीवर बर्फावरचं स्केटिंग आणि चढायची भिंत. त्याच विचाराची आजची टोकाची बोट म्हणजे २०२४ ची ‘आयकॉन’. तिच्यावर पाण्याच्या सहा घसरगुंड्या आहेत, आणि लहानग्यांच्या कुटुंबांसाठी एक वेगळा मोहल्लाच आहे, जिथे मुलांच्या पाण्यापासून आईबाबांच्या बसण्यापर्यंत सगळं एका नजरेच्या टप्प्यात येतं. तिथे नावाजलेलं एकही पात्र नसलं तरी दहा वर्षांच्या मुलाला फरक पडत नाही.

आता हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. डिस्नेची ‘ॲडव्हेंचर’ सिंगापूरला ठेवायची ठरली आणि मुंबई-पुण्याच्या घरांतही तिची चर्चा सुरू झाली. ती मुळात डिस्नेसाठी बांधलेलीच नव्हे. जर्मनीतल्या विस्मारच्या गोदीत ती ‘ग्लोबल ड्रीम’ म्हणून गेंटिंग कंपनीसाठी उभी राहत होती. २०२२ च्या सुरुवातीला गोदी दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी डिस्नेने अर्धवट सांगाडा विकत घेऊन आपल्या पद्धतीने नव्याने मांडायला घेतला. सुमारे ६,७०० प्रवाशांची ही बोट तीन-चार रात्री समुद्रात फिरून परत येते, मध्ये बंदर नाही. म्हणजे मुलाचा सगळा मुक्काम बोटीच्या आत. ‘मॅजिक’बद्दल ऐकलेलं कौतुक नुसत्या नावावरून हिला लावू नका. आपल्या केबिनमध्ये न्हाणीघर आणि संडास वेगळे आहेत का, डायपरमधल्या मुलाला पाण्यात उतरता येईल असा कोपरा कुठे आहे, पाळणाघरात आपल्या तारखांना जागा आहे का, रात्रीच्या जेवणाची पहिली पंगत किती वाजता, जैन किंवा बिनतिखट जेवण आधी सांगावं लागतं का, हे सगळं बुकिंग करणाऱ्या माणसाला एकेक करून विचारा आणि लेखी मागा. उत्तरं समाधानकारक असतील तर जरूर जा, आणि मिकी भेटला तर मुलाला कडेवरून खाली उतरवायची घाई करू नका.