मजकूर बंद, क्रमांक उघडा

बिनतारी शब्द कोणालाही ऐकू येतो. १९४२ साली मुंबईत उषा मेहता व सहकाऱ्यांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओला तेच हवे होते. लपवायची होती ती जागा. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ती गाठली.

कमी शक्तीच्या जाळ्यांसाठी २००३ साली आलेल्या ८०२.१५.४ या मानकात उलट सोय आहे : मजकूर किल्लीने बंद, पत्ता आणि संदेशाचा चढता क्रमांक उघडा. समजा, तासगावच्या द्राक्षबागेतला ओलावा-मापक सेल बदलताच 'मुका' झाला. बहुतेकजण किल्लीला दोष देतात. खरे तर क्रमांक शून्यावर आलेला असतो. घेणारा संदेशाला जुन्याची नक्कल समजून टाकून देतो. घेणाऱ्याची नोंद पुसणे सोपे, पण घातक! तीच किल्ली, तोच क्रमांक पुन्हा आला की गुप्तता फुटते. क्रमांक वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवावा, नाहीतर किल्ली बदलावी. हा बिघाड ओळखायला मात्र किल्ली लागत नाही. क्रमांक उघडाच असतो.