रिकामी खुर्ची आणि ना. वि. जगताप

मागच्या आठवड्यात आमच्या खडकवासल्याच्या बाजूच्या एका वाचनालयात जुन्या पुस्तकांची आवराआवर चालू होती. मी पेपर चाळायला गेलो आणि मदतीला लागलो. बालविभागाच्या कपाटात, चांदोबाच्या गठ्ठ्याखाली, जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' सापडली. काकांना म्हटलं, "ही इथं कशी? ही मोठ्यांची कादंबरी आहे." काका म्हणाले, "विज्ञानाचं आहे ना? मग पोरांचंच. मोठं कोण वाचतंय?"

काकांचा राग नाही. मराठीत गेली पन्नास वर्षं हेच चालू आहे, आणि या विषयाचा जुना चाहता म्हणून मला आज त्यावर लिहायचंय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गोष्ट १९७४ ची. नारळीकर केंब्रिजहून परत येऊन मुंबईला टीआयएफआरमध्ये होते. अहमदाबादला एका परिसंवादात वक्ता इतका कंटाळवाणा बोलत होता, की त्यांनी समोरच्या कागदावर एक कथा लिहायला घेतली. ती 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. तिथं पाठवायची, पण नावाचा दबाव परीक्षकांवर नको. पद्मभूषण तर १९६५ मध्येच मिळालेलं, नाव घरोघरी माहीत. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं झालं ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा उतरवून काढली पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

मला हा किस्सा फार आवडतो, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही. लोक म्हणतात, बघा किती नम्र माणूस. नम्र होतेच. पण माझ्या मते मराठी विज्ञानकथा निव्वळ कथा म्हणून तोलली गेली असे प्रसंग फार थोडे, आणि हा त्यातला एक. पुढं नाव उघड झालं आणि सगळे म्हणायला लागले, 'एवढा मोठा शास्त्रज्ञ, कथासुद्धा लिहितो!' कौतुक शास्त्रज्ञाचं झालं आणि कथा मागं राहिली.

अपवाद दुर्गाबाई भागवतांचा. १९७५ चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन आपल्याला आणीबाणीमुळं आठवतं. यशवंतराव समोर आणि दुर्गाबाई अध्यक्षपदावरून बोलतायत, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं आहे. पण त्याच भाषणात त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची, मराठीतला नवा प्रवाह म्हणून, दखल घेतली होती. लोककथांचा अभ्यास करणारी बाई हे ओळखते, यात मला नवल वाटत नाही. राक्षसाचा जीव पोपटात असतो हे जिला कळतं, तिला कृष्णविवर अवघड जाणार नाही.

तसं म्हटलं तर प्रवाह नवा नव्हताच. 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत आली. श्री. बा. रानड्यांची 'तारेचे हास्य' १९११ ची. पुढं भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या दप्तरात आणून बसवलं. फास्टर फेणे तर आपल्या पुण्यातलाच. भागवतांचे उपकार मोठे आहेत, पण मला वाटतं तेव्हापासूनच 'हे मुलांचं' असा शिक्का बसला तो बसलाच.

माझ्या वाट्याला हे सगळं टीव्हीतून आलं. १९९८ मध्ये दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागायचं. केतन मेहतांची मालिका, मिलिंद सोमण अंतराळवीर. मी तेव्हा मिसरूड फुटलेल्या वयात. लाइट गेली की शेजारच्या गल्लीत आहे का बघायला पळायचो. आज यूट्यूबवर बघितलं तर हसू येतं, यानं खोक्याची वाटतात. तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. आपल्या भाषेतला, आपल्या चेहऱ्याचा माणूस अंतराळात जाऊ शकतो, एवढं त्यानं आमच्या पिढीच्या डोक्यात घातलं. नंतर मराठीत इतक्या वाहिन्या आल्या, पण संध्याकाळी सात ते दहा घरातल्या घरात कारस्थानं सोडून 'असं झालं तर?' विचारणारी रोजची मालिका मला तरी आठवत नाही.

आता 'असं झालं तर?' हा पोरकट प्रश्न आहे का, हे निदान आपण खडकवासल्याच्या लोकांनी तरी ठरवू नये. आपलं धरण १८७९ चं. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी त्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. माणसानं हात न लावता, पाणी वाढलं की दार उघडणार! १९०३ सालच्या गावकऱ्याला ही विज्ञानकथाच वाटली असणार. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग आपलं धरणही गेलं, आणि पुणं बुडालं. अजूनही जुनी माणसं 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असंच वर्ष सांगतात.

सीडब्ल्यूपीआरएसचं तर विचारूच नका. १९१६ पासूनची संस्था, आपल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर चालली. तिथं धरणं, नद्या, बंदरं यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यात पाणी सोडतात. मला पूर्वी एका अभियंत्यानं समजावलं होतं, की शंभरास एक अशी प्रतिकृती असेल तर तिथला काळ दहापट वेगानं धावतो. म्हणजे खऱ्या पुराचा एक तास प्रतिकृतीत सहा मिनिटांत संपतो. मी थक्क झालो. अजून न आलेला पूर आधी बघून घ्यायचा, आणि मग भिंत किती उंच ते ठरवायचं. विज्ञानकथा याहून वेगळं काय करते? फरक इतकाच, की तिथं पाण्याऐवजी माणसं सोडतात.

'वामन परत न आला' ही तशीच प्रतिकृती आहे. १९८६ ची कादंबरी. जमिनीखाली एक पुरातन पेटी सापडते, त्यातल्या ज्ञानावरून विचार करणारं यंत्र बनतं. त्याचं नाव वामन. ते आपल्यासारखी आणखी यंत्रं तयार करायला निघालं तर माणसाचं काय होईल, हा प्रश्न. तेव्हा तालुक्याच्या ऑफिसात टाइपरायटर खडखडत होते. आज माझ्याकडं रोज प्रेसनोट येतात, त्यातल्या निम्म्या यंत्रानं लिहिल्यात हे दुसऱ्या ओळीत कळतं. तीन पावलांत सगळं व्यापणारा वामन हे नाव नारळीकरांनी उगाच नाही निवडलं.

चाहता आहे म्हणून सगळंच गोड लिहीत नाही. नारळीकरांची माणसं पुष्कळदा पातळ असतात. ती बोलतात कमी आणि समजावून सांगतात जास्त. लक्ष्मण लोंढ्यांची माणसं मला अधिक जवळची वाटतात. त्यांची 'दुसरा आइन्स्टाईन' जेम्स गन यांनी अमेरिकेत काढलेल्या जगभरच्या विज्ञानकथांच्या संग्रहात गेली. लोंढे २०१५ मध्ये गेले. आपल्याकडं किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे, ते कमेंटमध्ये बघूच.

पुरस्कारांचं म्हणाल तर 'यक्षांची देणगी'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला होता. पण नारळीकरांना साहित्य अकादमी मिळालं ते २०१४ मध्ये, 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. चांगलं पुस्तक आहे, वादच नाही. पण ज्या लेखनानं मराठीत वाट पाडली, त्याला नाही. तिकडं ह्यूगो पुरस्कार १९५३ पासून आहे, आणि मत देतात ते वाचक. २०१५ मध्ये लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या कादंबरीला, इंग्रजी अनुवादावर, तो मिळाला. आपल्याकडं वाचकानं मत द्यायची सोय फक्त निवडणुकीत.

शेवटी 'गंगाधरपंतांचे पानिपत'. ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात धडा म्हणून आली. म्हणजे पुण्याचा मराठी पोरगा पानिपतावरची मराठी कथा इंग्रजीतून शिकला, आणि ती मूळची मराठी आहे हे कित्येकांच्या गावीही नसेल. कथेत पानिपत मराठे जिंकलेत. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत या दुसऱ्याच हिंदुस्थानातल्या मुंबईत, आझाद मैदानावरच्या सभेत जातात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. पंतांना ते बघवत नाही, ते जाऊन बसतात. लोक खवळतात, कारण तिथल्या लोकांनी भाषणांना कंटाळून अध्यक्ष ही भानगडच बंद केलेली असते!

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते नारळीकर. प्रकृतीमुळं ते येऊ शकले नाहीत. त्यावरून नाराजीसुद्धा बोलून दाखवली गेली. मी त्या बातम्या वाचत होतो आणि डोळ्यांसमोर आझाद मैदानातली ती खुर्ची येत होती. २० मे २०२५ ला नारळीकर पुण्यातच गेले. श्रद्धांजलीच्या बातमीत मी 'खगोलशास्त्रज्ञ' असं लिहिलं आणि 'कथाकार' हा शब्द जागेअभावी मीच कापला. हे इथं कबूल करतो.

तर वाचनालयात काकांना विनंती केली, की हे पुस्तक कादंबऱ्यांच्या कपाटात लावू. काकांनी चष्मा वर केला, मागचा कागद उघडून बघितला. शेवटचा शिक्का दहा-बारा वर्षांपूर्वीचा. म्हणाले, "लावतो. पण आधी तुम्ही न्या, म्हणजे नवा शिक्का पडेल." पुस्तक सध्या माझ्याकडं आहे. पुढच्या मंगळवारी परत करतोय, ज्याला हवं त्यानं काकांकडं नाव नोंदवून ठेवा.