नव्वद सेकंदांचं दार

पट्टा आवळून बसा. २६ मार्च २००६, जर्मनीतलं हॅम्बुर्ग. विमान दुमजली, ए-३८०, पण आज ते हँगरमधून हलणार नाही. बाहेर दिवस असला तरी आत गडद अंधार केला आहे. आजूबाजूला एअरबसचे कामगार, त्यांचे नातलग, व्यायामशाळेतली मंडळी. किमान चाळीस टक्के बायका आणि पस्तीस टक्के पन्नाशी ओलांडलेले हवेत, असा नियमच आहे. वाटेत उशा, पांघरुणं, पिशव्या मुद्दाम विखुरल्या आहेत. दारं सोळा, उघडणार आठच. कोणती, हे तुम्हाला सांगितलेलं नाही. विमान झटपट रिकामं करण्याच्या या चाचणीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच अट, कारण खरी आग आधी कळवून येत नाही.

दिवे जातात. आरडाओरडा. उठताना पायात उशी अडकते, पुढच्याच्या पाठीला धरून तुम्ही सरकता. पहिल्या दाराशी कर्मचारी आडवी उभी आहे: हे बंद, मागे फिरा! दुसऱ्या दाराची चौकट हाताला लागते. वरचा मजला, जमीन सुमारे आठ मीटर खाली. क्षणभर थबकलात तर मागची अख्खी रांग थबकेल. उडी मारा. घसरगुंडीवर तळहात सोलवटतात, आणि पाय जमिनीला लागतात.

घड्याळ ७८ सेकंदांवर थांबलं आहे. मुभा ९० ची होती. ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी बाहेर. एकाचा पाय मोडला, बत्तीस जणांना किरकोळ इजा. खाली ५३८, वर ३१५: जेवढे उतरले, तेवढीच या विमानाची कमाल प्रवासीसंख्या ठरली. खुर्च्यांचा हिशेब असा दारापासून सुरू होतो. मोठ्या दारांच्या एका जोडीमागे नियम ११० माणसं धरतो.

निम्मीच दारं का, हे कळायला आणखी मागे चला. २२ ऑगस्ट १९८५ ची सकाळ, मँचेस्टर. उड्डाणासाठी धावणाऱ्या बोइंग ७३७ चं डावं इंजिन फुटतं, विमान थांबतं, डावी बाजू पेटलेली. तुम्ही उजव्या पंखावरच्या दाराकडे धावता. तिथे खुर्च्यांमधली फट चिंचोळी, आणि दाराचा जड पल्ला निखळून शेजारी बसलेल्या बाईच्या अंगावर पडलेला. काळा धूर छातीपर्यंत उतरतो. विमान जमिनीवरच आहे, तरी ५५ जण गेले, बहुतेक धुरानेच.

त्यानंतर त्या दारापाशी जास्त मोकळी जागा सोडणं बंधनकारक झालं. पुढच्या प्रवासात तुम्हाला पंखाजवळच्या दाराची रांग मिळाली, तर ती जागा पायाने चाचपून पाहा.