आरक्षित, पण रिकामं: स्वॅपचा मागोवा

गणपतीच्या तोंडावर सीएसएमटीहून सुटणारी कोकणकन्या चार्टवर कधीच भरलेली असते. डब्यात मात्र सुरुवातीला बऱ्याच बर्थ मोकळ्या दिसतात, कारण त्यांचे धनी ठाण्याला नाहीतर पनवेलला चढायचे असतात. मोकळी बर्थ दिसली म्हणून टीसी ती कुडाळपर्यंत दुसऱ्याला देत नाही. सोलारिस या युनिक्स प्रणालीवर काम करणारा नवखा माणूस अशाच चार्टपाशी अडतो. ‘स्वॅप -एल’ ही आज्ञा दिली की डिस्कवरची स्वॅपची, म्हणजे मुख्य स्मृतीत न मावणारं ठेवायची, जागा जवळपास सगळी मोकळी दिसते. ‘स्वॅप -एस’ मात्र त्याच क्षणी सांगते, एवढी दिलेली, एवढी आरक्षित, आणि दोन्ही मिळून ‘वापरात’. नवा प्रोग्रॅम सुरू करायला जावं तर उत्तर येतं, जागा अपुरी. वापरलेली नसूनही वापरात धरलेली ही जागा आली कुठून, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला टिफ्रॅक संगणक 1960 मध्ये चालू झाला. त्याची फेराइट कोर स्मृती 2048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. आजच्या मापात सगळी मिळून दहा केबी. इतक्या तोकड्या जागेत मोठं गणित मावलं नाही, तर त्याचे तुकडे करायचं काम त्या काळी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच माथी असे. 1962 मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅटलास संगणकाने ते काम स्वतःकडे घेतलं. त्याच्याकडे 16 हजार शब्दांची कोर आणि 96 हजार शब्दांचा फिरता ड्रम होता. 512 शब्दांची पानं या दोहोंत ये-जा करत आणि प्रोग्रॅमला सगळी स्मृती एकसंध दिसे.

युनिक्सने सुरुवातीला इतकी चैन केली नाही. बेल लॅब्जमध्ये 1970-71 च्या सुमारास ते पीडीपी-11 वर आलं, तेव्हा एकूण स्मृती 24 केबी होती. त्यातले 16 केबी खुद्द प्रणालीचे, उरलेले 8 वापरणाऱ्यांचे. एकाचा प्रोग्रॅम आत असला की बाकीच्यांचे डिस्कवर, आणि अदलाबदल अख्ख्या प्रोग्रॅमची. एका प्रक्रियेतून दुसरी काढणाऱ्या ‘फोर्क’ची पहिली रीतही अशाच अदलाबदलीतून आली होती. चालू प्रोग्रॅमची प्रत डिस्कच्या स्वॅप भागात उतरवली की झाली नवी प्रक्रिया. बाहेर गेलेल्या प्रत्येकाला डिस्कवर पुरा गाळा मिळे, त्यामुळे हिशेब सरळ होता.

तो अवघड केला पानांनी. 1979 च्या अखेरीस बर्कलीच्या ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी व्हॅक्स संगणकासाठी 3बीएसडी तयार केलं. आता प्रोग्रॅम भरपूर स्मृती मागू शकत होता आणि तिच्यातला थोडाच भाग प्रत्यक्ष हाताळत होता. समजा त्याने 400 पानं मागितली आणि 30 वर लिहिलं. उरलेल्या 370 चं काय? उद्या त्याने तिथेही लिहिलं आणि मुख्य स्मृती भरलेली असली, तर ती पानं न्यायची कुठे? बर्कलीचं उत्तर सावध होतं. मागणी झाली की डिस्कवर तेवढी जागा आधीच बाजूला काढायची, आणि नसेल तर तिथेच नाही म्हणायचं. याची किंमत डिस्कने मोजली. रॅम कितीही असो, स्वॅप लहान असला की यंत्र अडून बसे. ‘स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवा’ हा सिस्टिम सांभाळणाऱ्यांचा जुना मंत्र याच काळात रुजला.

सोलारिसने यातला कंजूषपणा कमी केला. आरक्षण चालू राहिलं, पण त्यासाठी मोकळी रॅमही जमेस धरली. ‘स्वॅप -एस’मधल्या आकड्यांची गोम इथेच आहे. ‘आरक्षित’ म्हणजे कबूल केलेली पण अजून न शिवलेली जागा. ‘दिलेली’ म्हणजे जिच्यावर प्रत्यक्ष लिहिलं गेलं ती, मग ती रॅममध्ये असो की डिस्कवर. सोलारिसवर ‘/टीएमपी’तल्या फायलीही याच खात्यातून जागा घेतात. कुणी तिथे भलीमोठी फाइल विसरला, की दुसऱ्याचा प्रोग्रॅम सुरू होईना.

बाकीचे याहून सैल झाले. आयबीएमचं एआयएक्स हे युनिक्स सहसा जागा प्रत्यक्ष लागेल तेव्हाच देतं. ती संपत आली की ‘सिगडेंजर’ नावाचा इशारा सगळ्या प्रक्रियांना धाडतं, आणि तरी भागलं नाही तर काहींना मारतं. लिनक्स तर मूळ मांडणीत असलेल्या जागेहून जास्त कबूल करून बसतं, कारण बहुतेक प्रोग्रॅम मागतात तेवढं वापरत नाहीत, हा अनुभव आहे. तो खोटा ठरला की ‘ओओएम किलर’ एखादी प्रक्रिया निवडून संपवतो. दारातच नकार मिळालेला प्रोग्रॅम निदान नीट आवरतं घेऊ शकतो; मधेच मारलेल्याला ती सवड नसते. म्हणून डेटाबेस सांभाळणारे अनेकजण लिनक्सच्या ‘ओव्हरकमिट’ या सेटिंगची किंमत 2 करून जुनी शिस्त परत आणतात.

या घराण्याचा सगळ्यात धाकटा वारस आज मालवणच्या बाजारात मोबाईलच्या खोक्यावर दिसतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात 16 जीबी रॅम, शेजारी चांदणी, आणि खाली बारीक अक्षरात ‘8 अधिक 8’. अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर चालतं. फ्लॅशवर सतत लिहिलं की ती झिजते, म्हणून अँड्रॉइडने 2013 च्या किटकॅट आवृत्तीपासून झीरॅमची वाट धरली. त्यात नको असलेली पानं दाबून रॅममध्येच ठेवतात. पुढे कंपन्यांनी साठवणीचा तुकडाही यासाठी बाजूला काढून दिला. दुसरे 8 ते हेच. तेवढी जागा फोटोंना मिळत नाही, आणि ती रॅमच्या मानाने कितीतरी मंद असते. इतकं करूनही जागा कमी पडली की मागची अ‍ॅप बंद होतात. तारकर्लीचा होमस्टेवाला बुकिंगचं अ‍ॅप उघडं ठेवून खोलीचा फोटो काढायला कॅमेऱ्यात जातो, परत येतो तर अ‍ॅप पहिल्यापासून सुरू.

सर्व्हर असो की फोन, स्वॅप किती भरला एवढ्यावरून यंत्राची तब्येत कळत नाही. लिनक्सवर ‘मेमइन्फो’ फाइलमधली ‘कमिटेड’ची ओळ पाहावी, म्हणजे यंत्राने किती जागा कबूल केली ते समजतं. मग ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेच्या उत्तरातले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने पाहावेत. पानं आत-बाहेर करताना यंत्राला किती धाप लागते, ते तिथे दिसतं. दोन्हीकडे शांत असेल, तर अर्धा भरलेला स्वॅप पाहून घाबरायचं कारण नाही. आणि नवा फोन घेताना बेरजेतला पहिलाच आकडा धरून भाव करावा.