गाण्यांचा छोटा प्लेअर: कार्ड कसं भरायचं, आजीला वापरायला सोपा कसा करायचा आणि घरातले आवाज कसे जपायचे?

अश्विनातल्या पौर्णिमेला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. संबळ, झांज आणि ‘आई राजा उदो उदो’चा गजर सुरूच असतो. त्यातच कुणाच्या पिशवीतून, कुणाच्या गळ्यातल्या डबीतून देवीची गाणी ऐकू येतात. तळहातावर मावणारी ही डबी म्हणजे मेमरी कार्डवर चालणारा म्युझिक प्लेअर. कुणी त्याला एमपीथ्री म्हणतं, कुणी रेडिओ, तर कुणी नुसताच स्पीकर.

धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक घरांत हा प्लेअर आजी-आजोबांच्या उशाशी असतो. शेतातल्या कोठ्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर, रेंज येते-जाते अशा वस्तीवरही तो वाजतो. इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. अडचण येते ती दोन ठिकाणी. कार्ड घातलं तरी गाणी वाजत नाहीत किंवा भलत्याच क्रमाने वाजतात. आणि कार्ड नव्याने भरून घेताना जुनं सगळं पुसलं जातं. त्यात घरातल्या कुणाचा आवाज असेल, तर तो पुन्हा मिळत नाही.

म्हणून कार्ड भरण्याआधी काय करायचं, भरताना काय बघायचं आणि नंतर काय जपायचं, ते इथे क्रमाने पाहू.

हा प्लेअर आला कुठून?

एमपीथ्री हा आवाजाची फाइल लहान करण्याचा एक प्रकार. माणसाच्या कानाला जे फारसं जाणवत नाही ते वगळून फाइल साठवली जाते, त्यामुळे ती मूळ सीडीच्या साधारण दहाव्या हिश्शात बसते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा यात मोठा वाटा होता. १९९५ मध्ये ‘एमपीथ्री’ हे फाइलचं नाव ठरलं. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या कंपनीचा ‘एमपीमॅन’ हा खिशातला प्लेअर बाजारात आला. २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि २०२२ मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केला.

शहरांत या प्लेअरची जागा फोनने घेतली. तरी कार्डवाला स्वस्त प्लेअर टिकून राहिला, कारण त्याला बटणं असतात. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसालाही बोटाने चाचपून तो लावता येतो. २०१७ मध्ये ‘सारेगामा’ने आधीच ५,००० गाणी भरलेला ‘कारवां’ बाजारात आणला, त्यामागेही हेच गणित होतं: ज्येष्ठांना ॲप शोधायला लावायचं नाही, बटण दाबलं की गाणं लागलं पाहिजे.

विकत घेताना काय बघायचं?

- बटणं: मोठी आणि वेगवेगळी असावीत. अनेक छोट्या प्लेअरमध्ये एकच बटण दोन कामं करतं. थोडं दाबलं की पुढचं गाणं, दाबून धरलं की आवाज वाढतो. वयस्कर माणसाचा इथेच गोंधळ उडतो. आवाजासाठी फिरवायची चकती असेल तर उत्तम.
- फोल्डर बदलण्याची सोय: अभंगांवरून थेट देवीच्या गाण्यांवर जाता आलं पाहिजे. आकड्यांची बटणं असतील तर गाण्याचा क्रमांक दाबूनही ते लावता येतं.
- बॅटरी: काढून बदलता येणारी असावी. जुन्या साध्या फोनमध्ये असायची ती ‘बीएल-५सी’ बॅटरी अनेक प्लेअरना चालते आणि तालुक्याच्या बाजारातही मिळते.
- एफएम: असेल तर घ्यावं. कार्ड बिघडलं तरी आकाशवाणी ऐकता येते.
- कार्डची मर्यादा: बहुतेक छोटे प्लेअर ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात. ६४ जीबीचं कार्ड आणलं आणि प्लेअर गप्प बसला, तर दोष कार्डचाच असेल असं नाही.

किती जीबी पुरतात?

हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्रीला एका मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे ५ एमबी. ८ जीबीच्या कार्डवर अशी दीड हजारांच्या आसपास गाणी बसतात आणि १६ जीबीच्या कार्डवर अडीचशे तासांहून जास्त आवाज मावतो. घरच्या वापराला ८ किंवा १६ जीबी भरपूर झालं.

फार स्वस्तात मोठं कार्ड मिळत असेल तर सावध राहावं. काही बनावट कार्डांवर ६४ जीबी छापलेलं असतं, प्रत्यक्षात जागा बरीच कमी असते. सुरुवातीची गाणी नीट वाजतात आणि पुढची अर्धवट किंवा बंद पडतात. कॉम्प्युटरवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’सारख्या मोफत प्रोग्रॅमने कार्डची खरी जागा तपासता येते.

कार्ड तयार कसं करायचं?

पहिली पायरी फॉरमॅटची नाही, कॉपीची. जुन्या कार्डवर जे काही आहे ते आधी कॉम्प्युटरवर किंवा फोनमध्ये उतरवून घ्यायचं. फॉरमॅट केलं की कार्ड रिकामं होतं.

त्यानंतर कार्ड ‘फॅट३२’ प्रकारात फॉरमॅट करायचं. विंडोज कॉम्प्युटरमध्ये कार्डवर राइट क्लिक केल्यावर हा पर्याय दिसतो. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं सहसा ‘एक्सफॅट’ प्रकारात येतात आणि तो प्रकार अनेक छोट्या प्लेअरना वाचता येत नाही.

घरात कॉम्प्युटर नसेल तर ओटीजी कार्ड रीडर फोनला जोडूनही काम होतं. कार्ड फोनच्या आतल्या खाचेत घातलं आणि फोनने विचारलं, तर ‘पोर्टेबल स्टोरेज’ निवडायचं. ‘इंटरनल स्टोरेज’ निवडलं तर कार्ड त्याच फोनला बांधलं जातं, दुसरीकडे ते वाचताच येत नाही.

गाणी क्रमाने कशी भरायची?

आधी फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर फोल्डर करून घ्यायचे. उदाहरणार्थ, पहिला तुळजाभवानीच्या आरत्या आणि आराधी गीतांचा, दुसरा यरमाळ्याच्या येडेश्वरीच्या गाण्यांचा, तिसरा तेरच्या गोरोबाकाकांच्या आणि इतर संतांच्या अभंगांचा, चौथा कीर्तनांचा, पाचवा घरच्या आवाजांचा.

प्रत्येक फोल्डरच्या आणि गाण्याच्या नावाआधी क्रमांक द्यायचा: ००१, ००२, ००३. हे आकडे आणि नावं रोमन अक्षरांत लिहिलेली बरी, कारण बऱ्याच स्वस्त प्लेअरना देवनागरी दाखवता येत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. काही प्लेअर नावाच्या क्रमाने गाणी लावतात, तर काही कार्डवर जी फाइल आधी आली ती आधी लावतात. त्यामुळे क्रमांक दिले तरी काम अर्धंच होतं. रिकाम्या कार्डवर पहिला फोल्डर पूर्ण जाऊ द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. घाईने सगळं एकदम टाकलं तर आरतीच्या मध्येच कीर्तन लागू शकतं.

काम झाल्यावर कार्ड ओढून काढायचं नाही. आधी ‘इजेक्ट’ करायचं. फाइल लिहिली जात असताना कार्ड निघालं तर फाइलच नाही, पूर्ण कार्डही बिघडू शकतं.

फाइल आहे, पण वाजत नाही?

व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज ‘ओपस’ प्रकारात साठवला जातो. फोनमधलं रेकॉर्डिंग अनेकदा ‘एमफोरए’ किंवा ‘एएमआर’ असतं. छोटे प्लेअर सहसा एमपीथ्री आणि ‘वेव्ह’ एवढंच ओळखतात. फाइलच्या नावाचा शेवट बदलून तिथे एमपीथ्री लिहिलं तर काही होत नाही. ती फाइल खरोखर रूपांतरित करावी लागते. कॉम्प्युटरवर व्हीएलसी किंवा ऑडॅसिटी हे मोफत प्रोग्रॅम ते करतात. मूळ फाइल मात्र पुसायची नाही.

काहीच वाजत नसेल तर आधी मोड तपासायचा. प्लेअर एफएम किंवा ब्लूटूथवर असेल तर कार्ड असूनही आवाज येणार नाही. मोडचं बटण एक-दोनदा दाबून पाहायचं. तरीही नाही वाजलं, तर दुसरं कार्ड घालून बघायचं. दोष प्लेअरचा की कार्डचा, ते लगेच कळतं.

आजी-आजोबांसाठी सोपा कसा करायचा?

सगळी बटणं समजावत बसू नये. चालू-बंद, आवाज आणि पुढचं गाणं, एवढी तीन पुरे. चालू-बंदच्या बटणावर टिकली किंवा चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला की बोटाला ते लगेच सापडतं. सकाळी सर्वांत आधी जे ऐकायचं असतं, ते पहिल्या फोल्डरमध्ये ठेवावं. शंभर गाणी ओळखीची असलेली बरी, हजार अनोळखी गाण्यांत आवडतं गाणं सापडत नाही.

त्यानंतर प्लेअर त्यांच्याच हाती द्यावा आणि दोन-तीनदा त्यांनाच लावू द्यावा. दुसऱ्याने लावून दिलेलं लक्षात राहत नाही.

चार्जिंगला साधा ५ व्होल्टचा चार्जर पुरतो. रात्रभर उशीखाली किंवा पांघरुणात चार्जिंगला ठेवू नये. बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच वापर थांबवावा. ती दाबू किंवा टोचू नये.

इअरफोन लावत असतील तर आवाज पूर्ण आवाजाच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रस्त्याने चालताना दोन्ही कानांत इअरफोन नसावेत. दिंडीत आणि यात्रेत तर नाहीच.

घरातला आवाज कसा जपायचा?

गाजलेलं गाणं पुसलं गेलं तर दुसरीकडे मिळतं. आजीने जात्यावर म्हटलेली ओवी, आजोबांनी म्हटलेली गौळण, घरच्या गोंधळात गोंधळ्यांनी लावलेली कथा, यांची दुसरी प्रत बाजारात नसते.

हे किती मोठं काम आहे, ते हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पावरून कळतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यात लिहून घेतल्या गेल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता आणि काही ऐकताही येतात. लिहिलेल्या ओव्यांच्या तुलनेत आवाजासह उरलेल्या ओव्या मात्र थोड्याच आहेत.

घरी रेकॉर्डिंग करायचं तर महागडी साधनं लागत नाहीत.

- फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा, म्हणजे मध्येच कॉल येत नाही.
- पंखा आणि टीव्ही बंद करायचा. फोन साधारण एक हात अंतरावर, जाड कापडाच्या घडीवर ठेवायचा.
- सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि ही ओवी कुणाकडून शिकली, एवढं बोलून घ्यायचं.
- नातेवाइकांना पाठवताना फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

घरात जुन्या कॅसेट असतील तर त्यांचंही असंच करता येतं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून ३.५ मिलिमीटरची वायर कॉम्प्युटरच्या ऑडिओ इनपुटला जोडायची आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करायचं. एका तासाच्या कॅसेटला एक तास लागतोच. कॅसेट लावण्याआधी वरच्या कडेच्या दोन्ही छोट्या पट्ट्या तोडाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नये, जाणकाराला दाखवावी.

या फाइल फक्त प्लेअरच्या कार्डवर ठेवायच्या नाहीत. मेमरी कार्ड रोजच्या वापरासाठी ठीक आहे, पण ते हरवतं, भिजतं, खराब होतं आणि वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं तरी त्यातली माहिती जाऊ शकते. एक प्रत कॉम्प्युटरवर किंवा फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर, अशा तीन प्रती असाव्यात.

दुकानातून गाणी भरून घेणं योग्य आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं टिकतो. गीतकार आणि संगीतकारांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाण्यांच्या प्रती भरून द्यायला परवाना लागतो, तो नसेल तर ते बेकायदेशीर आहे. ओवी पारंपरिक असली तरी गाणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. म्हणून गोंधळ्यांचं किंवा आराध्यांचं रेकॉर्डिंग करण्याआधी आणि ते सोशल मीडियावर टाकण्याआधी त्यांना विचारावं. आजीलाही विचारावं. काही ओव्या घरापुरत्याच असतात.

थोडक्यात

- जुन्या कार्डवरचं सगळं आधी उतरवून घ्या, मगच फॉरमॅट करा.
- ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, फॅट३२ प्रकार आणि एमपीथ्री फाइल, हे तिन्ही जुळलं की बहुतेक प्लेअर वाजतात.
- गाण्यांना क्रमांक द्या आणि एकेक फोल्डर त्याच क्रमाने कॉपी करा.
- घरच्या आवाजाच्या तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या घरात असू द्या.
- कार्ड दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्यात कुणाचा आवाज आहे, ते एकदा ऐकून बघा.