अर्ध्या इंचाचे व्याकरण

यांत्रिक खेळण्यांचा इतिहास बहुधा मोटरीच्या अंगाने सांगितला जातो: आधी किल्लीची, मग विजेची. गती डोळ्यांत भरते, म्हणून असे होत असावे. मला मात्र ह्या इतिहासाचा नायक सांधा वाटतो.

लिव्हरपूलच्या एका मांस-आयातदाराच्या कचेरीत हिशेबनीस असलेल्या फ्रँक हॉर्न्बीने १९०१ साली एका खेळण्याचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये त्याला 'मेकॅनो' हे नाव मिळाले. अर्धा इंच रुंदीच्या धातूच्या पट्ट्या आणि त्यांवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके, एवढाच त्याचा पाया. पट्टीला स्वतःचा अर्थ नाही; आज ती यारीचा हात, उद्या पुलाचा कठडा. भोकाचेही तसेच. बोल्ट आवळला की तेथे ताठ जोड होतो, बोल्ट सैल ठेवून दोन नट एकमेकांवर आवळले की बिजागरी होते, दांडा ओवला की त्याच भोकात चाक फिरू लागते. विभक्तिप्रत्यय शिकवणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. लेगोच्या १९५८ च्या विटेचा सांधा नुसत्या दाबाने बसतो, पाना लागत नाही. पण सैल आणि घट्ट ह्यांतली निवड त्या सांध्यात उरत नाही.

ह्या व्याकरणाची खरी कसोटी मुलांनी घेतली नाही. मँचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर ह्यांनी १९३४ साली प्रामुख्याने मेकॅनोच्या भागांतून विकलक समीकरणे सोडवणारे यंत्र उभारले. अमेरिकेत व्हॅनेव्हार बुश ह्यांनी बांधलेल्या अवाढव्य यंत्राचा तो नमुना होता. खर्च सुमारे वीस पौंड. फिरत्या तबकडीवर टेकलेले एक चाक घर्षणाने फिरते आणि त्याचे फेरे हेच संकलनाचे उत्तर. अडचण अशी, की त्या चाकावर पुढच्या दंतचक्रांचा भार टाकला तर ते घसरते आणि उत्तर चुकते. मोटर येथे उपयोगी पडली, पण वेगळ्या नात्याने. तिने फिरवलेल्या पिंपांभोवती दोरा गुंडाळला होता. चाकाने दोऱ्याचे एक टोक किंचित ओढले, की दुसऱ्या टोकाला कितीतरी जोराची ओढ मिळे. किती फिरायचे हे चाक ठरवी, मोटर फक्त बळ पुरवी.

कंपनीच्या नमुना-पुस्तिकांत असले काही नव्हते. पुस्तिका मुलांना यारी आणि पूल गिरवायला लावत. पट्टीवरची भोके मात्र पुस्तिकेला बांधलेली नव्हती. ह्या नमुन्याची अचूकता दोन टक्क्यांच्या आसपास होती, आणि तेवढ्यावर अणूतील इलेक्ट्रॉनांची समीकरणे त्यावर सोडवली गेली.